शिकारी कुत्र्याचे पाय

तंजावरचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनापुढे बृहदीश्वराचे शिखर, सरस्वती महाल आणि दुसरे सरफोजीराजे उभे राहतात. सरफोजी १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सत्ता गेली तरी राजाची जिज्ञासा गेली नाही. १८२६ साली बिशप हेबर तंजावरला आला, तेव्हा राजाच्या तोंडी युरोपीय शास्त्रज्ञांची नावे ऐकून तो थक्क झाला. राजा घोड्याचा उत्तम पारखी आहे आणि वाघासमोर त्याचा नेम ढळत नाही, हेही त्याने आवर्जून लिहून ठेवले. या राजाच्या धन्वंतरी महालात माणसांप्रमाणे जनावरांसाठीही औषधे सिद्ध होत असत.

हत्तींच्या आणि घोड्यांच्या शास्त्रांचा आपल्याकडे मोठा बोलबाला आहे. शिकारीत सर्वांच्या पुढे धावणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला तेवढा मान आला नाही. सातारच्या शाहू महाराजांनी आपल्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला बांधली, हा अपवादच म्हणायचा. समाधीचे राहू द्या; संध्याकाळी त्याच्या पायातला काटा कोण काढतो, हा खरा प्रश्न आहे.

तंजावर म्हणजे कावेरीचे खोरे, चिखलाची भातखाचरे आणि मऊ बांध. पण नैर्ऋत्येला वल्लमकडे निघाले की तांबड्या मुरमाचा माळ लागतो आणि पुढे पुदुकोट्टैच्या बाजूला जांभा दगड व काटेरी झुडपे सुरू होतात. आणखी दक्षिणेला राजपाळयम, कोंबै, चिप्पिपारै, कन्नी या नामांकित कुत्र्यांचा मुलूख आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपला. सशामागे कुत्रा सोडणे हाही आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच झाले. मात्र ही कुत्री राहिली आहेत. ती शेत राखतात, मेंढरांमागे फिरतात, पिकात शिरलेल्या रानडुकरावर भुंकत जातात. आपल्याकडची कारवानी आणि मुधोळची कुत्रीही याच जातकुळीची. माळही तोच, काटेही तेच.

या कुत्र्याचा स्वभाव ध्यानात घ्यावा. धावण्याच्या भरात त्याला वेदनेचे भान नसते. तळवा फाटलेला असला तरी ते कोसभर पळते. लंगडते ते घरी येऊन, अंग निवल्यावर. म्हणून कुत्रे लंगडेल तेव्हा पाहू, असे म्हणणाऱ्या धन्याला नेहमी उशीर होतो. ते परत येताच, पाणी पाजून, चारही पाय हाती घ्यावेत. बोटे फाकवून पाहावे. अंगठ्याचे वरचे नख उचकटले आहे का तेही पाहावे.

सर्वांत कपटी वैरी म्हणजे कुसळ. त्यावरची बारीक लव मागे वळलेली असते, त्यामुळे ते पुढे सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलेले कुसळ मांसातून वर चढते, गळू होते, फुटते आणि पुन्हा होते. कुत्रे एकच पाय सारखे चाटू लागले किंवा एका बाजूला मान झटकू लागले, तर कुसळ पायात किंवा कानात गेले असे समजावे. टोक दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढावे. आत गेले असेल तर कोरत न बसता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. वेड्या बाभळीचा काटाही असाच. तो आत मोडतो आणि वरची जखम मिटून जाते.

खाचरातल्या चिखलावर वाढलेल्या कुत्र्याचे तळवे मऊ असतात. त्याला एकदम मुरमावर पळवू नये. दोन-तीन आठवडे रोज थोडे थोडे चालवून तळवा घट्ट होऊ द्यावा. उन्हात आपला पंजा उलटा करून जमिनीवर टेकवावा. पाच-सात सेकंद तो ठेववत नसेल, तर ती जमीन कुत्र्यालाही पोळते. मऊ कातड्याचे किंवा जाड कापडाचे मोजे बांधता येतात, पण बंद आवळू नयेत आणि तासाभराने सोडून बोटे पाहावीत.

या सडपातळ कुत्र्यांची कातडी पातळ असते. काटेरी तारेने ती कागदासारखी फाटते. अर्धा लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात लहान चमचाभर मीठ घालून जखम धुवावी आणि स्वच्छ फडके बांधावे. राख, चुना, रॉकेल यांतले काही लावू नये. रॉकेलने अळ्या मरतात म्हणतात; मांसही जळते, हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की थोड्याच दिवसांत अळ्या पडतात, म्हणून फडके रोज बदलावे.

रानडुकराच्या सुळ्याची जखम मात्र घरी हाताळूच नये. वरून ती बोटभर दिसते. आत स्नायू फाटून पोकळी झालेली असते आणि तिच्यात माती, केस गेलेले असतात. ती वरून शिवून टाकली तर पू आतच कोंडतो. रक्त वाहत असेल तर फडके घट्ट दाबून धरावे, कुत्र्याला चादरीच्या झोळीत निजवावे आणि त्याच रात्री दवाखाना गाठावा. दुखण्याने ते धन्यालाही चावते, म्हणून तोंडाला सैलसर पट्टी बांधावी. पण ते धापा टाकत असेल तर तीही नको, कारण तोंड उघडे ठेवून धापा टाकणे हाच त्याचा अंग निवविण्याचा मुख्य मार्ग आहे.