‘प्रॉपर्टी’ : गुण आणि मालकी

परभाषेंतील एखादा शब्द आपल्या घरांत इतका रुळतो कीं, त्याचा अर्थ विचारण्याची कोणाला गरजच वाटत नाहीं. ‘प्रॉपर्टी’ हा त्यांपैकीं एक होय. वडिलांची प्रॉपर्टी, प्रॉपर्टीची वांटणी, प्रॉपर्टीवरून चाललेला दावा, असें आपण नित्य ऐकतों. आणि घरदार, शेतीवाडी, दागदागिने एवढाच त्याचा अर्थ आहे असें धरून चालतों. परंतु त्याच घरांतील मुलगा रसायनशास्त्राचें इंग्रजी पुस्तक उघडतो, तेव्हां त्याला गंधकाच्या ‘प्रॉपर्टीज’ सांगावयाच्या असतात. गंधकाजवळ इस्टेट कोठून येणार? तेथें त्या शब्दाचा अर्थ ‘गुणधर्म’ असा आहे. नाटकमंडळींत जावें, तर प्रॉपर्टी म्हणजे रंगभूमीवरील तलवारी, मुकुट आणि तत्सम सामान. आणि रंगभूमीवरचा राजा तें कितीहि ऐटीनें मिरवीत असला, तरी त्याच्या मालकीचें तें क्वचितच असतें!

एकाच शब्दाच्या पोटीं इतके अर्थ कसे आले? मूळ लॅटिन शब्द ‘प्रोप्रियस’. त्याचा अर्थ ‘स्वतःचा’. जें वस्तूचें स्वतःचें, तो तिचा गुणधर्म. जें माणसाचें स्वतःचें, ती त्याची मालमत्ता. जुन्या युरोपीय तर्कशास्त्रज्ञांनीं तर या शब्दाला फारच कांटेकोर अर्थ दिला होता. जो धर्म एका जातीच्या सर्व व्यक्तींत आढळतो आणि त्या जातीबाहेर आढळत नाहीं, तो तिची प्रॉपर्टी. उदाहरणार्थ, हंसण्याची शक्ति ही मनुष्याची. आपले नैयायिक यालाच असाधारण धर्म म्हणतात.

हें नातें आपल्यालाहि अपरिचित नाहीं. संस्कृतांतील ‘स्व’ या शब्दाचे स्वतः, आप्त, आपलें आणि धन असे अर्थ अमरकोशानें नोंदविले आहेत. त्याच ‘स्व’पासून एकीकडे ‘स्वभाव’ झाला आणि दुसरीकडे ‘स्वामित्व’. मात्र मराठीनें व्यवहारांत दोहोंचीं बिऱ्हाडें वेगळीं ठेविलीं. गुणधर्माला आपण कधीं मालमत्ता म्हणत नाहीं.

कायद्याची गोष्ट आणखी मौजेची आहे. १८८२ सालच्या ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या नांवांतच हा शब्द आहे. पण प्रॉपर्टी म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यांत नाहीं. स्थावरांत काय येत नाहीं तें मात्र सांगितलें आहे : इमारती लांकडाचीं उभीं झाडें, उभीं पिकें आणि गवत. म्हणजे शेत स्थावर, पण त्यांत डोलणारें पीक स्थावर नव्हे!

हा सारा शब्दपंडितांचा खेळ आहे, असें कोणी म्हणेल. त्यानें हिंगोली जिल्ह्याकडे दृष्टि टाकावी. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीसाठीं प्रसिद्ध आहे आणि वसमत हें त्यांतील एक मुख्य ठिकाण. हळदीचे गुण घरोघरच्या गृहिणींना ठाऊक आहेत. तिच्यांतील कर्क्युमिन या द्रव्यामुळें तिला पिवळा रंग येतो. क्षाराच्या संयोगानें तो लाल होतो व त्यावरच पारंपरिक कुंकू बनतें. आणि जखमेवर हळद दाबण्याचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हे गुण हळदीचे खरे; पण ते कोणाच्या मालकीचे होऊं शकतात काय?

हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीनें जखम भरून आणण्याच्या उपायाचें पेटंट मिळालें. १९९६ सालीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्याला हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हां तिचे महासंचालक होते. हा उपाय नवा नाहीं हें दाखविण्यासाठीं परिषदेनें ३२ जुने आधार पुढें केले, त्यांत संस्कृत व उर्दू ग्रंथहि होते. १९९७ सालीं अमेरिकन पेटंट कचेरीनें तो दावा फेटाळला. पेटंट नव्या शोधाला असतें. सर्वांना ठाऊक असलेला गुण कोणा एकाची मिळकत होऊं शकत नाहीं, हें तेथें सिद्ध झालें. एका प्रॉपर्टीनें दुसरीला गिळण्याचा तो प्रयत्न फसला!

परंतु गुणांतून न्याय्य मालकी उत्पन्न होण्याचाहि एक मार्ग आहे. भौगोलिक निर्देशनाचा कायदा भारतानें १९९९ सालीं केला आणि तो २००३ पासून अमलांत आला. एखाद्या मालाचा गुण, लौकिक वा अन्य वैशिष्ट्य मुख्यतः त्याच्या भूमीमुळें आलेलें असेल, तर त्या मालाचें नांव या कायद्यानें संरक्षित होतें. वर्धा जिल्ह्यांतील वायगांवच्या आणि सांगलीच्या हळदीला हा मान आधींच मिळालेला होता. २०२४ सालीं वसमतच्या हळदीलाहि तो मिळाला. तर्कशास्त्रज्ञांचा असाधारण धर्म येथें शेतकऱ्याच्या कामीं आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही मालकी मोठी विलक्षण आहे. ती कोणा एका व्यक्तीची नसून त्या प्रदेशांतील उत्पादकांची असते. तिचा लाभ ज्याला घ्यावयाचा, त्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव नोंदवावें लागतें. नोंदलेल्या वापरकर्त्याच्या पश्चात् त्याचा हक्क वारसाकडे जातो. परंतु हें निर्देशन विकतां येत नाहीं, कीं गहाण टाकतां येत नाहीं. हळद विकावी, वेळ पडली तर शेतहि विकलें जाईल. वसमतचें नांव मात्र विक्रीला नाहीं.

आणि म्हणूनच तिच्यांत एक जोखीमहि आहे. घराचा मालक आळशी निघाला, तरी घर त्याचेंच राहतें. येथें तसें नाहीं. भेसळ झाली, किंवा दुसरीकडची हळद वसमतच्या नांवानें बाजारांत आली, आणि घेणाऱ्याचा विश्वास उडाला, तर नोंदवहींतील तें नांव नुसतें कागदावर उरेल. ‘प्रॉपर्टी’ या शब्दानें गुण आणि मालकी एकत्र बांधलीं तीं कदाचित् योगायोगानें. वसमतच्या शेतकऱ्याला मात्र तीं दररोज एकत्र सांभाळावीं लागणार आहेत. त्याचा गुण टिकेल, तोंवरच त्याची मालकी टिकेल.