कमावलेले शरीर आणि न दिसणारे हृदय

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षकाने अशा मेळाव्यात बोलावे असे विषय पुष्कळ आहेत. परीक्षेचे निकाल आहेत, मुलींचे शिक्षण आहे, शिष्यवृत्त्या आहेत. ते बाजूला ठेवून मी आज शरीरसंवर्धनावर आणि त्यातही हृदयाच्या निगेवर बोलणार आहे. वरच्या वर्गांतील मुले हल्ली दंडाचा घेर किती झाला याची चर्चा करतात, आणि कोणत्या इंजेक्शनाने तो लवकर वाढतो याचीही करतात. ही दुसरी चर्चा आई-वडिलांच्या कानावर जात नाही. ती जावी, एवढ्यासाठी हे चार शब्द.

व्यायामाला माझा विरोध आहे असे कृपया कोणी समजू नये. आपला जिल्हा कुस्तीशौकिनांचा आहे. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र केसरीचे सामने आपल्याच शहरात वाडिया पार्कवर झाले. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या शेख घराण्याने तर १९८० साली इस्माईल, १९९२ साली अप्पालाल आणि २००२ साली मुन्नालाल असे तीन महाराष्ट्र केसरी दिले. जोर, बैठका, लाल माती, दूध-बदामाचा खुराक आणि वस्तादाची नजर, ही तालमीची रीत आहे. या रीतीने शरीर कमवायला वर्षे लागतात. आजच्या मुलाला ते तीन महिन्यांत हवे असते, आणि ‘तीन महिन्यांत करून देतो’ म्हणणारा कोणीतरी त्याला भेटतोच.

तो जे देतो ते काय असते? टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, पुरुषाच्या शरीरात निसर्गतःच तयार होते. दाढी-मिशा, आवाजाचा भारदस्तपणा, स्नायूंची वाढ ही त्याची कामे. १९३५ साली ते प्रयोगशाळेत बनवता आले आणि पुढे त्याच्यासारखीच मेथॅनडिएनोन, नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल अशी औषधे निघाली. यांना ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी डॉक्टर देतात ते स्टेरॉइड निराळे. माझे भाषण ऐकून घरच्या आजारी माणसाचे ते औषध कोणी बंद करू नये, ही विनंती.

आपल्या राज्यात मेथॅनडिएनोनचे नाव सर्वांच्या कानावर गेले ते २०१६ साली. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले मल्ल नरसिंग यादव यांच्या तपासणीत रिओ ऑलिंपिकपूर्वी हे द्रव्य आढळले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले असे त्यांचे म्हणणे होते आणि आपल्या देशातील उत्तेजकविरोधी संस्थेने ते मान्य करून त्यांना मोकळेही केले. परंतु आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. त्या वादात आपण शिरू नये. मात्र त्या दिवसांत चर्चा झाली ती पदकाची आणि बंदीची. हे द्रव्य हृदयाचे काय करते, याची चर्चा फारशी झालीच नाही.

ते चार मार्गांनी हृदयाला गाठते. पहिला मार्ग रक्तदाबाचा. शरीरात पाणी व मीठ साठते आणि दाब चढतो. दुसरा मार्ग चरबीचा. रक्तातील चांगले कोलेस्टेरॉल घसरते, वाईट वाढते. गोळ्यांच्या रूपातील औषधाने चांगले कोलेस्टेरॉल निम्म्याहून खालीही जाऊ शकते. तिसरा मार्ग रक्ताचा. तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते व गुठळी होण्याचा धोका वाढतो. चौथा मार्ग खुद्द हृदयाचा. हृदय हाही स्नायूच आहे. तो जाड होतो, ताठर होतो आणि पुढे त्याचा जोर कमी होतो. दंड फुगलेला आरशात दिसतो. हृदय आरशात दिसत नाही.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २०१७ साली अमेरिकेत १४० वजन उचलणाऱ्या पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर फेकते. ही औषधे न घेणाऱ्यांत हे प्रमाण सरासरी ६३ टक्के होते, घेणाऱ्यांत ५२ टक्के, आणि त्या वेळी औषध चालू असणाऱ्यांत ४९ टक्के. औषध सोडलेल्यांत ते ५८ टक्के आढळले. म्हणजे सोडण्यात फायदा आहे. परंतु हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेला थर जितकी वर्षे औषध घेतले तितका अधिक होता. त्यातच दक्षिण आशियातील माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका इतर देशांच्या मानाने सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, असे ५२ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसले आहे. अशा शरीरावर हा भार आपण हौसेने का घालावा?

काही रुग्णांना हे संप्रेरक खरोखरच लागते, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्या शरीरात ते आजारामुळे तयार होत नाही, त्याला डॉक्टर मोजून देतात आणि देखरेख ठेवतात. औषधापूर्वी, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्त तपासतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांवर गेला तर औषध थांबवतात. रोग्याला मोजून दिलेल्या औषधावर एवढा पहारा असतो, आणि जिममध्ये त्याच्या कितीतरी पट मात्रा घेणाऱ्या निरोगी मुलावर कोणाचाच पहारा नसतो.

म्हणून ज्याने हे घेतले आहे, त्याने आधी डॉक्टरकडे जावे आणि काय घेतले ते नावानिशी सांगावे. रक्तदाब मोजावा. १४०/९० किंवा त्याहून वर वारंवार येत असेल तर ती धोक्याची सूचना आहे. कोलेस्टेरॉल, हिमॅटोक्रिट, यकृत व मूत्रपिंड यांसाठी रक्ततपासणी करावी. ईसीजी काढावा आणि डॉक्टरांनी सांगितल्यास टू-डी इको करावा. ईसीजी चांगला आला म्हणजे सारे ठीक, असे मात्र नाही. हृदयाचा कमी झालेला जोर इकोमध्येच नीट दिसतो. छातीत दुखणे, व्यायाम करताना चक्कर येऊन पडणे, जिना चढताना धाप लागणे, धडधड होणे, यांपैकी काही झाल्यास त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

यावर काही मुले म्हणतात, ‘सर, आम्ही दर तीन महिन्यांनी रिपोर्ट काढतो, मग काय हरकत आहे?’ मित्रांनो, तपासणी म्हणजे परवाना नव्हे. तपासणी झालेले नुकसान दाखवते, ते होऊ देत नाही असे नाही. औषध सोडणे हाच इलाज आहे, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. कारण बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. औषध बंद केल्यावर काही महिने थकवा आणि उदासपणा येतो, आणि त्याच दिवसांत मुलगा पुन्हा सुईकडे वळतो.

आणखी दोन सूचना. मेफेंटरमाइन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी आहे. व्यायामाला जोम यावा म्हणून ते टोचून घेणे म्हणजे धावत्या घोड्याला चाबूक मारणे होय. दुसरी सूचना पावडरच्या डब्यांविषयी. प्रोटीनची पावडर हे संप्रेरक नव्हे. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निरनिराळ्या देशांतून घेतलेल्या अशा ६३४ पूरक पदार्थांपैकी ९४ मध्ये लेबलावर न लिहिलेली संप्रेरके सापडली होती. अंडी, डाळ, दूध, मटण, शेंगदाणे यांत कसलीही फसवणूक नाही.

पालकहो, शेवटची गोष्ट आपल्यासाठी. मुलाचे वजन दोन-तीन महिन्यांत भराभर वाढले, पाठीवर पुरळ उठले, स्वभाव चिडका झाला, खोलीत सुया सापडल्या, तर लगेच हात उगारू नका. मार खाल्लेला मुलगा सुई सोडत नाही, लपवतो. डॉक्टरपासूनही लपवतो, आणि तिथेच खरा धोका आहे. त्याला जवळ बसवा, विचारा आणि स्वतः सोबत घेऊन दवाखान्यात जा.

शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, असे आपण मानतो. अमानत परत करायची असते ती सांभाळून. तालमीत जा, जिममध्ये जा, घाम गाळा, मजबूत व्हा. घामाने मिळालेली ताकद हळूहळू येते, पण तिच्यासाठी हृदय गहाण ठेवावे लागत नाही.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.