कमी दाब म्हणजे कमी नव्हे

मी कवी माणूस. हवामानशास्त्राशी माझा संबंध बातम्या ऐकण्यापुरता. पण एका शब्दाने माणूस कसा फसतो, ते मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

नोव्हेंबर २००९. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे, असं रेडिओ सांगत होता. माझे चाचा तांडेल. ते म्हणाले, "कमीच आहे म्हणतोय ना? जास्त असता तर थांबलो असतो." आणि होडी लोटली. ११ तारखेला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. चाचा कसेबसे दुसऱ्या बंदराला लागले. त्यांच्याबरोबरचा एक खलाशी परतलाच नाही.

हवेचा दाब कमी, म्हणजे वाऱ्याचा जोर कमी नव्हे, उलटच. दाब जिथे घटतो तिथे चहूबाजूंची हवा धावते आणि पृथ्वी फिरत असल्याने सरळ न जाता गरगरत जाते. वारा ताशी ३१ किलोमीटरवर पोचला की वेधशाळा त्याला डिप्रेशन म्हणते, ६२ वर चक्रीवादळ, ८९ वर तीव्र, ११८ वर अतितीव्र. बारसं होतं ते ६२ ओलांडल्यावर. खलाशाला नेणारं 'फयान' या कोष्टकात साधं चक्रीवादळ होतं. साधं!

'तुफान' हा शब्द अरबी. कुराणात तो नूह पैगंबरांच्या काळातल्या जलप्रलयासाठी येतो. मराठीत येता येता त्या पाण्याचा वारा झाला. मला मूळ अर्थच जवळचा वाटतो, कारण मोठमोठ्या चक्रीवादळांत वाऱ्यापेक्षा किनाऱ्यावर चढलेल्या समुद्रानेच जास्त माणसं नेली आहेत.

आता रंगही आले. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. आमच्या बंदरांना मात्र बावटाच ओळखीचा. तीन नंबर लागला की पोरंसुद्धा होड्यांकडे बघतात. बावटे ११ आहेत. शेवटचा सांगतो, वेधशाळेशी संपर्क तुटला. तो एक मला कवितेसारखा वाटतो, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' आलं, तीव्र गटातलं. आदल्या रात्री चाचांचा फोन आला. सलाम-दुआ नाही, काही नाही.

"दाब किती उतरलाय रे?"

मासेमारी बंद होतीच. होडी त्यांनी संध्याकाळीच वर ओढून दोन माडांना बांधली होती.