एल्बेला परत दिलेली जमीन

नदीची जमीन नदीला परत देता येते. जर्मनीत एल्बे नदीकाठी, लेंत्सेन गावाजवळ हे घडलं. तिथला पूरसंरक्षक बांध पात्राला अगदी खेटून होता, त्यामुळे पुराचं पाणी तुंबायचं. मग बरंच मागे सरकून मातीचा नवा बांध घातला आणि जुन्याला सहा ठिकाणी मोठाली खिंडारं पाडली. २००९ पासून सुमारे ४२० हेक्टर जमिनीवर पूर पुन्हा मोकळेपणी पसरतो. २०१३ च्या महापुरात तिथली पातळी जवळपास अर्ध्या मीटरनं खाली राहिली. या अर्ध्या मीटरचं मोल कृष्णाकाठच्या सांगलीकरांना वेगळं सांगायला नको! लेंत्सेनच्या याच जमिनीवर ओक, एल्म, विलो लावलेत; पुराच्या पाण्यावर जगणारं असं जंगल युरोपात फार थोडं उरलंय. हे नवं जंगल दाट व्हायला अजून कित्येक दशकं लागतील.