मधुमेहाची औषधे, उपवास आणि आणीबाणीचा प्रसंग
(व्याख्यानाचा सारांश)



मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढणे, एवढेच सर्वसाधारणपणे ज्ञात असते. परंतु तातडीच्या विभागात मधुमेही रुग्ण कित्येकदा नेमक्या उलट कारणाने, म्हणजे साखर घटल्यामुळे, बेशुद्धावस्थेत आणला जातो. वाढलेली साखर बहुधा वर्षानुवर्षे शरीर पोखरते. अतिशय घटलेली साखर मात्र काही तासांतच मेंदूला कायमची इजा करू शकते.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडतात. पोटात अन्न आहे की नाही, याची त्या वाट पाहत नाहीत. सूर्यास्तापूर्वी अल्प भोजन, नेहमीचीच गोळी वा इन्सुलिन आणि पुढे उपवास, असा क्रम घडल्यास मध्यरात्री साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. घरच्यांना मात्र गाढ झोप लागली असे वाटते.

साखर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड व भूक जाणवते. त्याहून घटल्यास असंबद्ध बोलणे, चिडचिड, झटके आणि बेशुद्धी येते. क्वचित एका अंगाची शक्ती जाऊन पक्षाघाताचा भास होतो; म्हणूनच अशा रुग्णाची साखर प्रथम तपासतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड व थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो.

रुग्ण शुद्धीवर असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज अथवा तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावी. अकार्बोज वा व्होग्लिबोज घेणाऱ्यास साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही. त्यास ग्लुकोजच द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्यास कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर द्रावण, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, शिरेतून देतात.

शुद्ध येताच घरी नेण्याचा आग्रह धरू नये. वरील गोळ्यांचा अंमल दीर्घकाळ टिकतो, मूत्रपिंड दुर्बल असल्यास अधिकच. साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून २४ तास वा अधिक देखरेख लागते. रुग्णालयात जाताना गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांचा धोका निराळा आहे. ती चालू असताना उपवास घडल्यास साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकते. मळमळ, उलटी, पोटदुखी व धाप ही त्याची लक्षणे. या धोक्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये इशारा दिला होता. मीटरवरील आकडा ठीक दिसला, तरी येथे विसंबून राहू नये. ज्यांचे शरीर इन्सुलिन निर्माणच करीत नाही, त्यांनी मात्र अन्न वर्ज्य असतानाही इन्सुलिन पूर्णतः बंद करू नये. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ ही एक भावना आहे. शक्तीचा अंदाज तपाच्या आधी घ्यावयाचा असतो. म्हणून पर्वापूर्वी काही आठवडे डॉक्टरांना भेटून औषधांचा क्रम ठरवावा, गुरुजनांनाही आपल्या व्याधीची कल्पना द्यावी आणि साखर घटल्यास उपवास तेथेच थांबविण्याचा निर्णय आधीच करून ठेवावा. तो निर्णय घरातील एका व्यक्तीस अवश्य सांगून ठेवावा. कारण साखर घटलेल्या माणसाची निर्णयशक्तीच सर्वप्रथम क्षीण होते.