अपयशाची नोंद
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



परीक्षेत आणि उद्योगधंद्यात यश मिळविलेल्यांचा सत्कार आपण नुकताच पाहिला. त्या आनंदात आम्हीही मनःपूर्वक सहभागी आहोत. परंतु या सभागृहात असेही कोणी बसलेले असेल, की ज्याचे दुकान यंदा बंद पडले, ज्याची बढती हुकली, किंवा ज्याच्या हातून कामावर काही बिघडले आणि ती गोष्ट त्याने घरीदेखील सांगितलेली नाही. आजचे चार शब्द आम्ही त्याच्यासाठी, आणि त्याहूनही अधिक त्याच्या भोवतीच्या मंडळींसाठी बोलणार आहोत.

अपयश ही यशाची पहिली पायरी, हे वचन आपण शाळेच्या भिंतीवर वाचीत आलो. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. अपयश आपोआप काहीच शिकवीत नाही. ज्याचे कारण शोधले जाते आणि जे उघडपणे सांगितले जाते, तेच अपयश शिकविते. झाकून ठेवलेले अपयश पुन्हा घडते.

याचे एक मोठे उदाहरण विमानोद्योगाच्या इतिहासात आहे. १९५२ साली इंग्लंडच्या ‘कॉमेट’ या जेट विमानाने प्रवासी वाहतूक सुरू केली, तेव्हा त्याच्या वेगाचे सर्व जगाला कौतुक वाटले. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले व ३५ माणसे दगावली. उड्डाणे थांबविण्यात आली. शंका येईल तेथे तेथे दुरुस्त्या केल्या गेल्या. पण खरे कारण हाती लागले नव्हते. तरीही मार्चमध्ये विमाने पुन्हा उडू लागली, आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ दुसरे कॉमेट कोसळून आणखी २१ जीव गेले.

मग मात्र तपासाची रीत बदलली. फार्नबरो येथील संशोधनसंस्थेत सर आर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एक संपूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवले. प्रत्येक उड्डाणात विमानाच्या अंगावर हवेचा दाब जसा चढतो व उतरतो, तसा पाण्याचा दाब पुनःपुन्हा देण्यात आला. अखेर खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला. समुद्रातून वर काढलेल्या अवशेषांनीही तीच साक्ष दिली: वारंवारच्या ताणाने धातू थकला होता. ही सर्व चौकशी जाहीरपणे झाली. त्यामुळे तो धडा एकट्या कॉमेटचा न राहता विमाने बांधणाऱ्या सर्वांचा झाला. सुधारलेल्या कॉमेटने १९५८ साली अटलांटिक महासागर ओलांडून प्रवासी नेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या अपघातानंतर कोणी स्वस्थ बसले नव्हते. दुरुस्त्या पुष्कळ झाल्या होत्या. उणीव होती ती कारणाच्या ज्ञानाची. दुकान बुडाले की फळीचा रंग बदलावा, कारखान्यात माल नापास झाला की कामगार बदलावा, अशी जी घाई आपण करतो, ती याच जातीची.

परंतु कारण शोधावयाचे तर माणसाने खरे बोलले पाहिजे, आणि खरे बोलावयास त्याला अभय हवे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून आपले एस. एल. व्ही. ३ हे उपग्रहवाहक अग्निबाण प्रथमच सोडण्यात आले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील एका झडपेच्या दोषामुळे ते बंगालच्या उपसागरात पडले. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम. ते पुढे अनेकदा सांगत, की त्या दिवशी वार्ताहरांना तोंड देण्यास संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः पुढे झाले. आणि १८ जुलै १९८० रोजी ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले. वडीलधाऱ्यांचे काम ते हेच. वरिष्ठ दोष वाटून घेतो, तेथे कनिष्ठ दोष लपवीत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग निष्काळजीपणालाही क्षमा करावयाची काय? मुळीच नाही. कामचुकारपणा व अप्रामाणिकपणा यांना शासन हवेच. परंतु प्रयत्न करताना आलेले अपयश आणि प्रयत्नच न केल्याने आलेले अपयश यांत भेद करण्याइतका विवेक मालकापाशी, आणि घरी आईबापांपाशी, असला पाहिजे. नोकरी गेलेला मुलगा आठ दिवस डबा घेऊन घराबाहेर पडतो आणि बागेत बसून परततो, अशी वेळ कोणत्याही कुटुंबावर येऊ नये. तशी वेळ येते ती नोकरी गेल्यामुळे नव्हे, तर घरात सांगण्याची सोय नसल्यामुळे.

आपल्या व्यापारी मंडळींना हे पटविण्यास वेगळे शास्त्र नको. ज्या रोजमेळात केवळ जमा लिहिली जाते आणि नावे लिहिलेच जात नाही, त्याला आपण हिशेब म्हणत नाही. कामाचेही तसेच करावे. काही बिघडले तर आठवण ताजी असताना चार ओळी लिहाव्या: काय घडले, प्रथम केव्हा लक्षात आले, त्या वेळी कोणत्या माहितीवर निर्णय घेतला, आणि पुढच्या वेळी नेमके काय बदलावयाचे. ‘कोणामुळे’ हा प्रश्न शेवटी विचारावा. तो आधी विचारला की बाकीची उत्तरे खोटी येतात.

शेवटी कार्यकारी मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून सत्कारसमारंभानंतर एक तास राखून ठेवावा. त्यात दोन-तीन अनुभवी बंधुभगिनींनी आपले कोणते काम फसले, का फसले आणि त्यातून काय हाती आले, हे तरुणांपुढे मांडावे. त्या तासाला हारतुरे नकोत. त्या तासानंतर एखाद्या जरी मुलाने घरी जाऊन आपली अडचण वडिलांना सांगितली, तर संमेलनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.