वेतनपत्रकातील शब्द



अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत वसलेली आपली बहुतेक कुटुंबे नोकरदार आहेत. ज्या वेतनपत्रकावर आपला संसार चालतो, त्यातील शब्द आपण समजून वाचतो काय, याविषयी थोडे बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, तो फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळावेत म्हणून. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले व शासनाच्या मराठी परिभाषेचे कार्य त्याजकडे आले. 'भविष्य निर्वाह निधी', 'उपदान', 'अधिभार' हे शब्द आज सरकारी कागदांत रुळले आहेत. परंतु प्रतिशब्द मिळाला म्हणजे अर्थ कळला, असे नव्हे.

'व्यवसाय कर' हाच शब्द घ्या. नोकरदार विचारतो, "आमचा व्यवसाय तो कोणता?" १९७५ च्या मूळ कायद्याच्या नावात व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या हे चारही आहेत, संक्षेप करताना नोकरी तेवढी गळाली! अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, कारण राज्यघटनेने या कराची वार्षिक मर्यादा २,५०० रुपये ठरविली आहे.

परदेशी हिशेबांचे काम करणाऱ्या आपल्या तरुणांपुढेही हाच प्रश्न येतो. फ्रेंच वेतनपत्रकातील 'कोतिझास्याँ' या शब्दाचा कोशातील एक अर्थ वर्गणी. पण गणेशोत्सवाची वर्गणी ऐच्छिक. ही मात्र आजारपण व वार्धक्य यांच्या विम्यासाठी सक्तीने घेतलेली. म्हणून इंग्रजीत तेथे 'सबस्क्रिप्शन' न लिहिता 'कॉन्ट्रिब्यूशन' लिहावे लागते. तसेच 'नेत अँपोझाब्ल' म्हणजे हाती पडणारे निव्वळ वेतन नव्हे, तर ज्यावर कर आकारावयाचा ती रक्कम. ती हाती पडणाऱ्या रकमेहून सामान्यतः अधिक असते.

तात्पर्य, शब्दापाठोपाठ पैशाची वाट पाहावी: तो कोणाच्या खिशातून गेला, कोठे गेला आणि परत येणार काय? आपल्याकडे 'कपात' या एकाच मथळ्याखाली व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधी शेजारी बसतात. पहिला गेला तो गेला. दुसरा आपलीच पुंजी असून व्याजासह परत येतो. कर्त्या पुरुषाच्या पश्चात त्याच्या पत्नीस अर्ज भरावा लागतो, तेव्हा हा भेद ठाऊक नसणे फार महाग पडते.

म्हणून आमची विनंती एवढीच की, येत्या पगाराच्या दिवशी प्रत्येकाने ते पत्रक घरच्या मंडळींपुढे ठेवून ओळीने समजावून सांगावे, आणि भविष्य निर्वाह निधीसाठी नामनिर्देशन केले आहे की नाही, तेही पाहावे.